विकसनशील साडू

आशिया आणि आफ्रिका खंडांत स्वतंत्र झालेला एकही देश असा नसेल, ज्याची घडी माझ्या थोरल्या साडूंनी एकदा तरी बसवून दिलेली नाही. हे काम ते दुबईत बसून, बहुतेक वेळा टॅक्सीत बसून आणि कुणीही बोलावलेलं नसताना करतात. रास अल खोरमधल्या एका कडधान्याच्या गोदामाचे ते मॅनेजर. मसूर कुठल्या देशातून येते आणि हरभरा कुठल्या देशाला जातो हे ठाऊक असल्यामुळे त्या त्या देशाचं कुठे चुकलं हेही आपल्यालाच ठाऊक, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. "गोरा साहेब गेला, झेंडा बदलला, पण खुर्चीवर बसला त्याला पुढचं दिसत नव्हतं," हे त्यांचं सर्व देशांवरचं निदान. औषधही एकच, लांबचं बघणारा नेता. तो कुठे मिळतो असं विचारलं की ते आपल्याकडे दयेने बघतात.

टॅक्सीत ते मागे बसत नाहीत. ड्रायव्हरशेजारी बसतात आणि पट्टा लावायच्या आत "विच कंट्री?" विचारून मोकळे होतात. माझ्या मुलीच्या परीक्षेला निघालो होतो तेव्हा ड्रायव्हर नेमका युगांडाचा निघाला. तुमची कॉफी पोत्यांतून का जाते, डब्यांतून का जात नाही, हे साडूंनी त्याला सांगायला घेतलं. तो बिचारा "यस बॉस, यस बॉस" करत राहिला आणि आमचं एक्झिट मागे गेलं. दुबईत एक्झिट चुकलं की शारजाचं दर्शन घेऊनच परतावं लागतं. "काका, आय ॲम सो लेट!" मुलगी रडकुंडीला आली. "बेटा, या माणसाच्या देशाची इतकी वर्षं गेली, तू दहा मिनिटांचं काय घेऊन बसलीस?" असं तिला सांगून ते पुन्हा कॉफीकडे वळले. मीना बाजारमधला त्यांचा न्हावी बांगलादेशचा. कपड्यांच्या कारखान्यांवर त्या दोघांचं असं काही जुळलं, की साडू एक कल्ला आखूड आणि एक लांब घेऊन घरी आले आणि आठवडाभर तसेच हिंडले.

पण त्यांचा खरा राग आहे तो भूमिपूजन करून गायब होणाऱ्या पुढाऱ्यांवर. तो विषय निघाला की ताटातला भात गार होतो. "नारळ काय, कुणीही फोडेल. स्लॅब पडल्याशिवाय नेता ओळखू नये, खलास!" असं ते ठणकावतात आणि समोर बसलेल्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, शांतपणे ताक वाढतात. कारण मिरजेला त्यांचा स्वतःचा प्लॉट आहे. त्याचं भूमिपूजन साडूंच्याच हस्ते झालं, त्याला दोन तपं होत आली. दुसऱ्या सुट्टीत जोतं आलं, तिसऱ्या सुट्टीत नकाशा बदलला. मग म्हातारपणी लागेल म्हणून नकाशात लिफ्ट आली, उन्हावर चालणारी वीज आली. जोत्यावर फक्त शेजाऱ्यांच्या कुरडया आल्या. "आधी तिकडचा रस्ता होऊ दे," साडू म्हणायचे. रस्ता झाला. "पाणी नीट येऊ दे." पाणीही आलं. "आपल्याकडे अजून नेतृत्व तयार व्हायचंय, साडूभाऊ. घाईघाईने केलेला विकास टिकत नाही." अशा वेळी भिंत शोधून तिच्यावर डोकं आपटावंसं वाटे, आपलं की त्यांचं एवढंच ठरत नसे. माझी बायको आत जाऊन "लोका सांगे ब्रह्मज्ञान" एवढंच पुटपुटायची.

ताईंचं मागणं फार नव्हतं. हातपाय चालतात तोवर चार दिवस स्वतःच्या घरात राहायचं होतं. "यांच्या राज्यात मी अजून विकसनशीलच आहे हो," त्या एकदा म्हणाल्या. आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण गुडघे कुरकुरायला लागले होते आणि सुट्टी संपवून परत येताना दर वेळी त्या विमानात रडायच्या, हे बायकोने मला सांगितलं होतं.

गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाला म्हणून ताई मिरजेला गेल्या. लग्न झालं, त्या आल्या नाहीत. आधी गुडघ्यांचं कारण निघालं, मग दातांचं, मग नुसतंच "इथे थोडी कामं आहेत." साडू दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. श्रीलंका सावरेल अशी खात्री त्यांनी मला आमटीच्या तिसऱ्या वाटीपर्यंत दिली. आपली बायको तिकडे कशात अडकली आहे, हा प्रश्न मात्र त्यांना पडलेला दिसला नाही.

गेल्या रविवारी जेवता जेवता ताईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या एका नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, त्याच जोत्यावर. दुबईत इतकी वर्षं घरगुती डबे करून साठवलेल्या पैशांत, रोज छत्री घेऊन गवंड्यासमोर खुर्चीवर बसून त्यांनी घर उभं केलं होतं. "वास्तुशांत पुढच्या महिन्यात आहे," त्या म्हणाल्या.

या क्षणाची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. दोन-तीन टोमणे तर पाठच होते. पण साडू फोन डोळ्यांजवळ धरून नुसते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ओटा बघ, तिच्या उंचीचा झालाय. इथला ओटा तिला कायम उंच पडला." पुढे म्हणाले, "मला विचारलं असतं तर झालं नसतं रे."

पाठ केलेले टोमणे सोडून मी आमटीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"मी तिथे जाऊन काय करू?" त्यांनी मला विचारलं. इतक्या देशांची घडी बसवणाऱ्या या माणसाने मला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "मी इथे बाविसाव्या वर्षी आलो. इथे गोदामात सगळे मला सलाम करतात. मिरजेत मला कोण ओळखतं?"

म्हणजे रस्ता, पाणी, नेतृत्व यांतलं काहीच नव्हतं. माणूस नुसता घाबरला होता. मला त्यांची दया आली आणि मग, आता हे खरंच जाणार हे लक्षात येऊन, स्वतःचीही आली. आमचे रविवार यापुढे फार शांत जाणार होते.

"ताई ओळखतात की," मी म्हणालो.

फोन चालूच आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

"या आता," ताई म्हणाल्या.