गुलमर्गचे बूट आणि सासूबाईंची जोडवी

मोबाईलवर साफसफाईच्या युक्त्या बघायचं व्यसन मला लग्नानंतर लागलं. भिवंडीत घर पुसून वळावं, तोवर शेजारच्या यंत्रमागांची रुई पुन्हा खिडकीत येऊन बसते, त्यामुळे व्यसनाला खाद्यही भरपूर. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की फेस फसफसून वर येतो आणि घाण जागच्या जागी राहते, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. तरी मी ओततेच, फेस बघून बरं वाटतं. टूथपेस्टने चांदीचं निरांजन घासत होते, तेव्हा सासरे म्हणाले, "देवाचे दात घासून झाले आसतील तं माजा चहा ठेव."

अशा माझ्या घरात एक दिवस नवऱ्याने बर्फावर घसरायचे बूट आणून टाकले. मानकोलीला आमच्या शेतावर आता गोदाम उभं आहे. तिथला, ऑनलाइन गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल लॉटने विकतात आणि कुठल्या खोक्यातून काय निघेल याचा नेम नसतो. मागच्या खेपेला नुसती कुत्र्यांची स्वेटरं निघाली होती. हे बूट कडक प्लास्टिकचे, बक्कलवाले, वरवंट्यासारखे जड. मी ते भंगारात द्यायच्या बेतात होते, इतक्यात सासूबाईंनी एक उचलून छातीशी धरला.

कारण सासूबाई भजनी मंडळातल्या बायकांबरोबर गुलमर्गला निघाल्या होत्या. सहलवाल्याने सगळ्यांना बूट घालून बर्फावरून घसरवायचं कबूल केलं होतं. अडचण पायाची. भातलावणीच्या चिखलात वाढलेला तो पाय, पुढे सुपासारखा पसरलेला. धामणकर नाक्यावरच्या एकाही दुकानात त्याला बूट मिळाला नव्हता. त्यामुळे दर सहलीला बाकीच्या बायका गड चढायच्या आणि सासूबाई चपला घालून पायथ्याशी बसून राहायच्या.

"दर बारी पिशव्या राखाया मीच," त्या म्हणाल्या. "आवंदा मी घसरनार. तिथला भाड्याचा बूट पायात न्हाय गेला तं? हा घरचाच नेते." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. मग मीही पदर खोचला.

बुटाला गोदामाचा कुबट वास येत होता. आत सोडा भुरभुरला, अस्तर काढून उन्हात टाकलं. मग मोबाईल उघडला. हेअर ड्रायरने गरम केलं की बूट सैल होतो म्हणे. बूट गरम झाला, सासूबाई त्याहून गरम झाल्या, सैल कोणीच झालं नाही. मोज्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवली. पावडर लावली. शेवटी खोबरेल तेल लावलं, तेव्हा पाय अर्धा आत गेला आणि तिथेच बसला. ना पुढे, ना मागे. नेमकी तेव्हाच दारात मासळीवाली आली. सासूबाई एका पायात बूट घालून ठाकठाक करत बाहेर गेल्या आणि त्या दिवशी कोळंबीसाठी घासाघीस करावीच लागली नाही.

भांड्यांचा साबण ओतून पाय सोडवला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पायाच्या दुसऱ्या बोटात चांदीची जाडजूड, अखंड कड्याची जोडवी होती. "आई, पाय नाही अडत. जोडवी अडतायत!" मी विजयाने ओरडले आणि मग त्यांचा चेहरा पाहिला.

"लगनापास्नं काढलीं न्हायत," त्या हळूच म्हणाल्या. "तुजा सासरा समोर धडधाकट बसलाय." बूट त्यांनी बाजूला सारला. "जाव दे. राखते पिशव्या."

मला फार वाईट वाटलं. मोबाईलमध्ये यावर काहीच नव्हतं.

सासरे इतका वेळ टीव्हीसमोर बसून होते. ते उठले, सासूबाईंपुढे जमिनीवर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. मला म्हणाले, "साबन आन गो."

"अवो, मानसं काय म्हनतील!"

"जोडवी जोडप्याच्या पायात पायजेत ना? तुज्या न्हाय तं माज्या." साबणाने एकेक जोडवं फिरवत त्यांनी दोन्ही काढली आणि आपल्या पायांच्या करंगळ्यांत सारली. सासूबाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. "येड लागलंय यांना," म्हणाल्या. मग बुटात पाय घातला. टाच आपटली. बक्कल खट्‌ करून लागलं.

गुलमर्गहून व्हिडिओ कॉल आला. सासूबाई चार हात घसरल्या, बुडावर आपटल्या आणि तशाच बसून खदखदून हसल्या. मागे सहलवाला बायकांच्या पिशव्या राखत उभा होता. सासऱ्यांनी पाय उचलून मोबाईलसमोर धरला आणि जोडवी दाखवली.

परत आल्यावर जोडवी पायात घालायला सासूबाई बसल्या. एक सहज निघालं. दुसरं निघेना, सासऱ्यांची करंगळी सुजली होती. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. मी सोडा आणि व्हिनेगर ओतलं. फेस छान आला.

"सोनाराकडं जाऊन कापून घ्या," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पाय मागे घेतला. "कापाचं न्हाय. एक तुज्याकडं, एक माज्याकडं."

सूज केव्हाच उतरली. जोडवं मात्र त्यांनी काढलं नाही आणि सासूबाईंनी नवं केलं नाही. आता सणाच्या आदल्या दिवशी दोघं ओटीवर शेजारी शेजारी पाय पसरून बसतात आणि मी टूथपेस्ट घेऊन आधी सासूबाईंचं जोडवं घासते, मग सासऱ्यांचं.