पाचव्या वाटीतले दाणे

मानवत रोड स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी होती आणि दुसऱ्या हातात पाच वाट्यांची पिशवी. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. आता तिकडेही आपले लोणचे खपले पाहिजे, असे पुण्यातल्या आमच्या कारखानदारांच्या मनाने घेतले. ते लोकांना कितपत आवडते हे मी मोजून आणायचे होते. काम जमले तर माझी नोकरी कायम होणार होती, आणि नोकरी कायम झाल्याखेरीज मी पसंत केलेल्या मुलीचे वडील लग्नाला तयार नव्हते.

दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस बघत मोटारीने मानवत गाठले. मालकांच्या ओळखीच्या किशनरावांच्या आडतीत (शेतमालाच्या पेढीत) उतरलो. बाजारचा दिवस असल्याने माणसांना तोटा नव्हता. मी वाट्या मांडून रीत समजावली. लोणचे चाखायचे आणि ज्वारीचा एक दाणा वाटीत टाकायचा. पहिली वाटी म्हणजे मुळीच आवडले नाही, पाचवी म्हणजे फार आवडले.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बोट चाटले. त्याच्या भुवया पटक्यात शिरल्या.

"लोनच्यात साखर?" तो पुटपुटला आणि दाणा पाचव्या वाटीत टाकला. मागच्या साऱ्यांनी तेच केले.

मला शंका आली. उरलेल्या लोणच्यात मी गुपचूप कडुलिंबाचा पाला वाटून कालवला. म्हाताऱ्याला पुन्हा चाखायला दिले. तो गाठोड्यांमागे जाऊन चूळ भरून आला आणि दाणा पुन्हा पाचवीतच!

"आजोबा, खरं सांगा की!"

"खरंच सांगायलोय. पाव्हणं एवढ्या लांबून घेऊन आलं, त्याला नावं ठिवावी व्हय?"

मी कपाळाला हात लावला. या गावात आवड मोजणे म्हणजे पाण्यावर रेघ ओढणे होते.

जेवायला किशनरावांच्या घरी गेलो. काकूंनी भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आमटी वाढली. पहिल्याच घासाला कानातून वाफा निघाल्या.

"कशी झालीया?" काकूंनी विचारले.

"उत्तम!"

"आवो, डोळ्यातून पानी यायलंय तुमच्या."

"आईची आठवण झाली."

काकू गहिवरल्या. आणखी दोन पळ्या आमटी वाटीत पडली. वर किशनराव म्हणाले, "लाजू नका, लय हाय."

पुण्याला परतल्यावर मालकांना सगळे खरेखरे सांगितले. ती आवड नव्हती, निव्वळ पाहुणचार होता. एका म्हाताऱ्याने तर कडुलिंबालासुद्धा पाचवी वाटी दिली, हेही सांगितले. माणसाच्या जिभेपेक्षा त्याची रीत मोठी, एवढेच मी त्या प्रवासात शिकलो होतो.

मालक खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"कडुलिंबालासुद्धा? मग तेही लोणचं काढू की!"

नोकरी कायम झाली. लग्नही थाटात झाले. फक्त संसार मांडायचा होता मानवतला, आणि खपवायची होती दोन्ही लोणची.