मण्णम्माची चाळण

माझ्या बायकोच्या हातात मूठभर माती द्यावी आणि विचारावं, सांग कुठली? ती माती चाळायची, चाळणीवर राहिलेलं बोटाने इकडेतिकडे सारायची आणि गावाचं नाव सांगायची. क्वचितच चुकायची. आणि ही बाई लग्न होऊन कुंभकोणमला आली तेव्हापासून आमच्या घराचा उंबरा ओलांडून बाहेर गेलेली नव्हती.

आमच्यात गोषा होता. तंजावरच्या दरबारातली घराणी, बाया परक्याच्या नजरेला पडायच्या नाहीत. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, घोडी गेली, तलवारी गेल्या, मी भांड्यांच्या दुकानात पितळ तोलायला लागलो. पडदा मात्र गेला नाही, उलट आणखी घट्ट झाला. आपली बायको कुणाला दिसत नाही, एवढीच काय ती सरदारकी उरली होती. मी फार शिकलेला नाही, मला हे गोड करून लिहिता येत नाही.

तिचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, आताही घेणार नाही. कामाला येणारी कुप्पम्मा तिला मण्णम्मा म्हणायची. तमिळात मण् म्हणजे माती. मण्णम्मा म्हणजे मातीबाई. गल्लीने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण सगळी गल्ली तिला त्याच नावाने ओळखायची.

चाळण झाली ती चुलीपायी. परसात जुनी भिंत पडलेली, त्यामुळे माती सगळी विटांच्या तुकड्यांनी भरलेली. त्या मातीने चूल लिंपली की जाळ लागताच आतला खडा तडकायचा आणि चुलीला भेग पडायची. माझी आई म्हणायची, "हिच्या हातालाच गुण नाही." एके दिवशी मी दुकानातून आलो तर मागच्या ओसरीवरचा चीक, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा पडदा, जागेवर नव्हता. तो सोडून, कामट्या वेगळ्या करून ही बसली होती. मोडक्या बाजेच्या पट्ट्यांची चौकट केली होती, तीत कामट्या उभ्या-आडव्या विणल्या होत्या आणि मोठ्या फटींतून माडाचे हीर ओवले होते.

"अगं, पडदा फाडलास?"

"मागच्या अंगाला येतं कोण? कावळे. त्यांच्यापासून काय लपायचं?"

आई त्या दिवशी जेवली नाही.

मातीने भरलेली चाळण हातांवर धरून हलवणं एकटीला जड जायचं. म्हणून तिने ती काथ्याच्या दोरांनी शेवग्याला टांगली. शेवगाच तो, फांदी कडकन मोडली आणि सगळी माती आईने वाळत घातलेल्या सांडग्यांवर. मग विहिरीच्या रहाटाच्या आडव्या लाकडाला टांगली. तिथे जमलं. वाळलेली माती टाकायची, झोका द्यायचा, बारीक खाली, खडे वर. आई बघून म्हणाली, "पाळणा टांगायचा सोडून ही माती झुलवते आहे." आम्हाला मूल नव्हतं. हिने मान वर केली नाही. "आत्याबाई, जरा बाजूला व्हा, धूळ उडेल," एवढंच म्हणाली.

तिला एकच हवं होतं, कावेरी एकदा बघायची होती. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, नवं पाणी येतं, अठराव्या दिवशी गल्लीतल्या बाया हळद-फुलं घेऊन नदीवर जातात. त्यांचा गलबला आमच्या माजघरात ऐकू यायचा. दर वर्षी ही आईला विचारायची आणि आई दर वर्षी म्हणायची, "आपल्या बाया नदीकडे जात नाहीत, नदीच घागरीतून येते." एका वर्षी तिने आईला विचारलं नाही, मला सांगितलं, "अहो, येताना तिथली माती तरी आणा."

पंच्यात बांधून आणली. दोन दिवस वाळवून तिने चाळली. वर शिंपले राहिले, काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा आणि हळकुंडाचं टोक. दिवेलागण होईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत बसली.

पुढे तिने मला ही सवयच लावली. जाईन तिथली माती आणायची. तिरुनागेश्वरमच्या देवळापुढच्या मातीत नारळाच्या करवंटीचे तुकडे आणि जळक्या वातींची टोकं. चोळपुरमच्या मातीत भाताचा तूस आणि गोगलगाईची घरं. एकदा रुळांच्या कडेची आणली, तर वर काळे खडे.

"हे काय?"

"आगगाडी खाते ते."

"म्हणजे मला जिची शिटी ऐकू येते, तिचं हे उष्टं!" आणि खूप हसली. मग म्हणाली, "खाली पडते ती माती सगळीकडे सारखीच हो. वर राहतं ते गाव."

आई गेली. त्यानंतरच्या आडीत मी बैलगाडी दाराशी आणली, पडद्याशिवायची. म्हटलं, "चल, आता अडवणारं कोणी नाही." ती नवं लुगडं नेसून दारापर्यंत आली. गल्लीतून बाया चालल्या होत्या, कुठे पिपाणी वाजत होती, बैल मान हलवत होता. तिने चौकट धरली ती सोडेना. गाडीवाल्याने बिचाऱ्याने तोंड फिरवलं. कुप्पम्मा म्हणाली, "या हो अम्मा, नदी काय खाते का?" हिच्या कपाळावर घाम. शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, एवढं सगळं एकदम नको. तुम्ही आणा थोडं थोडं. मी चाळून घेईन."

मला राग आला. जन्मभर दार बंद म्हणून झुरली आणि उघडलं तर हे! पण ती अजून चौकट धरूनच उभी होती. गाडी परत पाठवली. एकटाच नदीवर गेलो आणि भरपूर माती आणली.

गेल्या मार्गळीत, ऐन थंडीत, ती तापाने गेली.

परवा नवं पाणी आलं म्हणून घाटावर गेलो. हात आपोआप खाली गेला, मूठ भरली आणि पुढे काय करायचं ते सुचेना. तिथे कपडे धूत असलेल्या धोब्याने विचारलं, "काय हरवलं आजोबा?"

"काही नाही रे. हे कुठं ठेवू?"

"घेतलंत तिथंच टाका की."

ते काही होईना. मूठ तशीच मिटून घरी निघालो. वाटेत ओळखीचे भेटले, त्यांनी नमस्कार केला. मला हात जोडता आले नाहीत.