खडकाखालचा गेरू

सुनेने कुंडी रंगवायला गेरूची पुडी भिजवली आणि त्या ओल्या वासासरशी मी मुलुंडच्या टेकडीखाली जाऊन पोचले.

चाळीसेक वर्षांपूर्वीची दिवाळी तोंडावर आली होती. मी कॉलेजात भूशास्त्र शिकत होते. जमिनीच्या पोटातल्या हालचालींनी पडलेल्या भेगेतून आमच्या चाळीमागच्या ओढ्याने दरी कोरलीय, आणि लाव्हाच्या दोन काळ्या थरांमधली लाल माती निघाली की वरचा खडक घसरतो, हे नुकतंच कळलं होतं. चाळीतल्या बायका त्याच मातीला गेरू म्हणायच्या.

त्या सकाळी आई खुरपं घेऊन ओढ्याकाठच्या त्या लाल थरात खांद्यापर्यंत शिरली होती. वर खोलीएवढा कातळ. आवाजाने कातळ पडत नाही हे आता कळतं, तेव्हा मात्र मी कुजबुजले, "आई, बाहेर ये ना."

"थांब गं, डबा भरू दे. दरवर्षी इथूनच तर नेतो आम्ही."

डबा भरून ती बाहेर आली. काहीच पडलं नाही.

दिवाळीत प्रत्येक दारापुढचा ओटा लाल झाला. सगळे रांगोळ्यांचं कौतुक करत होते. मला तेवढी माती खडकाखालून गेलेली दिसत होती.