दाऊदचाचांच्या आवाजात

शिडाची होडी म्हटलं की तुम्ही लगेच समुद्र मनात आणणार, लाटा आणणार, जमलं तर वर चांदणंही. आणू नका. ही होडी मी पहिल्यांदा पाहिली ती साखळदंडांनी बांधलेली, दोन गाड्यांवर चढलेली, आठ बैलांच्या मागे आंबा घाटाच्या पायथ्याशी दुपारच्या उन्हात उभी. आणि तिच्या पोटातून रॉकेलचा, डांबराचा आणि जुन्या, मुरलेल्या खाऱ्या ओलीचा असा वास येत होता, की बैलसुद्धा माना फिरवून बघत होते.

विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून आमच्या जहागीरदारांनी ती रत्नागिरीला घेतली होती, वापरलेली, सामानासकट. महाराजांच्या राज्यात हौसेला तोटा नव्हता. कुणी चित्ते पाळी, कुणी मल्ल पोशी. आमच्या सरकारांना रंकाळ्याच्या तळ्यावर शीड हवं होतं. मी त्यांच्या दफ्तरातला कारकून, गडहिंग्लजच्या शाळेत चार बुकं शिकलेला. शिक्षणापेक्षा माझ्या नकला बऱ्या होत्या, गाडीवानांचा रस्ता हसत सरेल म्हणून होडी घाटापासून वर आणायला मलाच धाडलं.

होडीबरोबर तिचे खलाशी दाऊदचाचा आले. अठरा वर्षं ते तिच्यातच राहिले, जमिनीवर घर असं नाहीच. होडी रंकाळ्यावर नीट चालली तर म्हाताऱ्याला ठेवा, नाहीतर परत धाडा, असा सरकारांचा हुकूम. परत कुठं, हे हुकमात नव्हतं.

चाचांनी मला आत नेलं. दहा पावलांच्या त्या खोलीत एक अख्खा संसार घडी घालून ठेवला होता. भिंतीतून टेबल निघे, टेबलाखालून बिछाना, बिछान्याखालून पाण्याची टाकी. फळ्यांना बोटभर काठ, म्हणजे हेलकाव्यात बशा पडायच्या नाहीत. चूल झोपाळ्यावर बसवलेली. आणि पितळी कड्यांत टांगलेला एक दिवा, गाडी कितीही कलली तरी सरळच राहणारा. साहेबाची गादी हातभर जाड. चाचांची जागा पुढच्या निमुळत्या कोपऱ्यात, दोरखंड आणि नांगराच्या साखळीशेजारी, पाय पोटाशी घेतले तरच मावेल एवढी. "हितं झोपता?" मी विचारलं. चाचांनी हसून साखळी जराशी बाजूला सारली.

घाटाच्या पहिल्याच चढाला बैल गुडघ्यांवर आले. मुख्य गाडीवान शिद्राम वैतागून होडीत शिरला, तळाची फळी उचकटली, आणि ओरडलाच. खाली शिशाच्या लाद्याच लाद्या.

"आरं, सायेब शिसं खात हुता का काय?"

"ता काढू नको रे बावा," चाचा म्हणाले. "त्याच्याशिवाय ती उभी रवायची नाय."

"चाचा, हितं जनावरं मरत्यात, आणि तुमची होडी गाडीवर उभीच हाय की!"

लाद्या उतरल्या, पायथ्याच्या धर्मशाळेत राहिल्या. बैल पळत सुटले.

रंकाळ्यावर सकाळ कोवळी होती, पाण्यावर उन्हाचे कवडसे. होडी काठाशी बांधलेली, हार घातलेला, नारळ फुटलेला; सरकार पावण्यांना घेऊन खुर्चीवर. चाचांनी मला बाजूला ओढलं. "सरकारांना सांग. ता शिसा येईतोवर शीड नको. त्याच्याशिवाय ती उभी रवायची नाय."

मी सांगितलं. देवाशपथ, एक शब्द गाळला नाही. फक्त चाचांच्या आवाजात सांगितलं: मान वाकडी, एक डोळा बारीक, आणि शेवटचा 'नाऽऽय' विहिरीत पोहरा सोडल्यासारखा खोल. सरकार खुर्चीत मागे रेलून हसले. "पुन्हा कर की!" पुन्हा केलं. मग पावण्यांसाठी तिसऱ्यांदा. डोळे पुसत सरकार म्हणाले, "चला, सोडा आता होडी."

"काय म्हणाले?" चाचांनी विचारलं.

"सोडा म्हणाले."

"सांगितलंस ना?"

"सांगितलं की."

"मग त्यांना ठाऊक," म्हणत त्यांनी दोर हातात घेतला. मीही ऐटीत चढलो.

शीड उघडलं, पन्हाळ्याकडून वाऱ्याची एक झुळूक आली, झुळूकच, आणि होडी एखाद्या थकल्या म्हशीसारखी कुशीवर झोपली. आकाश बाजूला गेलं, पाणी वर आलं. मी दाराच्या चौकटीला लोंबकळत आत पाहिलं: अठरा वर्षं न पडलेल्या बशा एकदम पडत होत्या, चाचांची पत्र्याची पेटी तरंगत दाराकडे येत होती, आणि त्या सगळ्या आडव्या झालेल्या जगात तो पितळी दिवा तेवढा सरळ उभा होता. मग माझे केस कुणीतरी मुठीत धरले. चाचांनी मला काठाला ओढून आणलं, पेटी राहिली.

"उद्याच्या उद्या परत धाडा म्हाताऱ्याला!" सरकार गरजले. "आधी बोलाय काय झालं हुतं?"

चाचा माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर मी कदाचित गप्प बसलो असतो.

"बोलले हुते, सरकार," मी म्हणालो. "मघाशी मी केली ती नक्कल न्हवती. निरोप हुता."

हा आवाज इतका बारीक आला की कुणाचा, ते मलाच कळेना.

सरकारांनी मग माझा उद्धार केला, माकडापासून सुरुवात करून. एकेक लादी माझ्या खांद्यावरून परत येणार, आणि तोवर चाचा इथंच राहणार, असा नवा हुकूम झाला. मी सगळं ऐकून घेतलं, ते सोसवलं.

दुपारी पाण्यातून काढलेली चाचांची वाकळ पिळायला मी दुसरं टोक धरलं. ते थांबले. मान वाकडी केली, एक डोळा बारीक केला आणि मी त्यांच्या तोंडी घातलेल्या त्या आवाजात (तो त्यांचा कधीच नव्हता, हे मला तेव्हा ऐकू आलं) मला म्हणाले,

"त्याच्याशिवाय ती उभी रवायची नाऽऽय."

हुबेहूब. काठावर दहा-बारा माणसं होती. कुणी हसलं नाही.