घरी गाडी असताना

गाडी घरी आली आणि माझं अकोल्याला जाणं बंद झालं. खरं तर उलटं व्हायला पाहिजे होतं.

त्याआधी मी दर पंधरा दिवसांनी अमरावतीहून एसटीनं अकोल्याला जायचे. तिथं जुन्या शहरात माझी माय दोन खोल्यांत एकटी राहते. मला भाऊ नाही, बहीण नाही. मायला दिसायचं कमी झालं होतं. मी गेले की तिची ज्वारी निवडून ठेवायचे, नखं काढून द्यायचे, डोक्याला तेल लावायचे. ती पूर्ण वेळ शेजारणींच्या तक्रारी सांगायची आणि मी हं हं म्हणायचे.

मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. किराण्याच्या दुकानात गेले तरी मागून आलेल्या बायांचं सामान होईपर्यंत उभी राहते. पण एसटीत मला कधी बुजल्यासारखं झालं नाही. खिडकीपाशी बसलं, तिकीट काढलं, की कोणी आपल्याकडे पाहत नाही. बडनेरा जाते, मूर्तिजापूर जाते, दोन्हीकडे कापसाची, पऱ्हाटीची वावरं जातात. तेवढा वेळ मी कोणाची कोणी नसायचे.

ह्यांचं पाइप आणि फवारणीच्या पंपांचं दुकान आहे. मोठ्या गाडीचा ह्यांना पहिल्यापासून नाद. नागपूरच्या कुठल्याशा कंपनीच्या साहेबाची जुनी गाडी विकायला आहे असं कळलं आणि हे जाऊन घेऊनच आले. काळी, लांबलचक, जमिनीला टेकलेली. आत चामड्याच्या सीटा, मागच्या काचांना पडदे, मागच्या सीटच्या मधोमध हात टेकवायला छोटी उशी. नवी असताना अशी गाडी आमच्यासारख्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहायची. मी आरती ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवले. हे खूप खुशीत होते. म्हणाले, "आता तुले एसटीत धक्के खायाची गरज नाई. मायकडं जायाचं म्हणजे गाडीनं."

त्यात त्यांचं प्रेम होतं हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर पुढं काही बोलता आलं नाही.

पहिल्याच दिवशी आम्ही अंबादेवीला गेलो. ह्यांनी मला मागं बसवलं. "मोठ्या गाडीत मालक मांगंच बसते," म्हणाले. देवळापाशी गाडी थांबली. मी दाराची कडी ओढली, दार उघडेना. पुन्हा ओढली. हे उतरून माझ्या बाजूला आले, बाहेरून दार उघडलं आणि हसले.

"ह्या गाडीचं असंच असते. साहेब लोक आपल्या हातानं दार उघडते काय? कोणीतरी उघडून द्या लागते."

मला ते पटलं. साहेब लोक कसे उतरतात हे मी कुठं पाहिलं होतं? पुष्कळ दिवसांनी एका नातेवाइकाच्या गाडीत मी अशीच दार उघडायची वाट पाहत बसून राहिले. सगळे उतरून गेले, परत आले, हसले. तेव्हा कळलं की लहान लेकरांनी आतून दार उघडू नये म्हणून मागच्या दारांना एक खटका असतो. आमच्या गाडीत तो आधीच्या मालकाच्या वेळेपासून लागलेला होता. पण तोवर ह्यांनी साहेब लोकांची ती रीत अर्ध्या गल्लीला समजावून सांगितली होती. मी घरी येऊन काही बोलले नाही.

गाडीचं पोट खाली होतं आणि आमच्या भागात ज्यानं त्यानं आपल्या दारापुढं ब्रेकर घातलेला आहे. वजन असलं की गाडी खालून घासायची. तो आवाज आला की ह्यांचं तोंड असं व्हायचं, जसं कोणी त्यांच्याच पाठीवरून खिळा ओढला. मग त्यांनी युक्ती काढली. ब्रेकर आला की गाडी थांबवायची, खाली उतरायचं, माझं दार उघडायचं आणि म्हणायचं, "ब्रेकर आला, उतर." मी उतरायचे. रिकामी गाडी तिरपी तिरपी करून ब्रेकर ओलांडायची आणि मी मागून चालत जाऊन पुन्हा बसायचे. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत निम्मी वाट मी अशी पायीच जायचे, तीही भारी साडी नेसून. ओट्यावर बसलेल्या बाया पाहायच्या.

"काहून वं, धक्का मारून राहिली का गाडीले?" शेजारची वहिनी ओरडायची.

दुसरी म्हणायची, "नाई वं, गाडीले फिरवाले नेऊन राहिली."

मी पदर ओढून आत बसायचे. ह्यांनी दार लावलं की सुटल्यासारखं वाटायचं. आणि दार लागलं की लगेच कोंडल्यासारखंही.

अकोल्याला जायची वेळ आली की गाडी नसायची. कधी ती गॅरेजमध्ये असायची. तिचा एखादा पार्ट अमरावतीत मिळायचा नाही, नागपुरात मिळायचा नाही, मग कुठून तरी दिल्लीहून यायचा. गॅरेजचे चाचा ह्यांना म्हणायचे, "भाऊ, तुमी गाडी नाई घेतली, हत्ती घेतला. आता रोज नदीवर न्या लागन." हेही हसायचे, पण घरी येऊन जेवायचे नाहीत.

आणि गाडी चांगली असली की ती लग्नाला जायची. काळी, लांब गाडी आमच्या ओळखीत दुसऱ्या कोणाकडं नव्हती. त्यामुळं ज्याच्या घरी लग्न, तो नवरदेवाच्या गाडीसाठी ह्यांच्याकडं यायचा. हे पैसे घेत नसत. स्वतः चालवत जायचे. लग्नात मांडवात बोलावून ह्यांना टोपी-दुपट्टा द्यायचे, नारळ द्यायचे. पूर्वी लग्नात हे कोपऱ्यात जेवून परत यायचे. आता माइकवर ह्यांचं नाव पुकारायचे. आमच्या कपाटात टोप्या आणि दुपट्ट्यांची एक थप्पी झाली. दुसऱ्या दिवशी मी गाडीतल्या अक्षता आणि चमकी वेचायचे, तेव्हा सीटेला झेंडूचा वास येत असायचा.

मी एकदा म्हटलं, "गाडी लग्नाले गेली तर मी एसटीनं जातो ना. सवय हाये मले."

हे जेवत होते. घास तसाच राहिला. "घरी गाडी असताना? स्टँडवर दुकानाचं गिऱ्हाईक भेटते, पाव्हणे भेटते. काय म्हणतीन? गाडी लोकाइले मिरवाले, अन् बायको एसटीत?"

चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते काकुळतीला आल्यासारखं बोलले. मी पोळी वाढली. एसटीचा विषय तिथंच संपला.

माय फोनवर विचारायची, "कवा येतं?" मी म्हणायचे, "गाडी आली की." ती म्हणायची, "बरं बरं, गाडीनंच ये." गाडीचं तिलाही कौतुक. शेजारणींना सांगून सांगून तिनं ती गाडी माझ्यापेक्षा मोठी केली होती.

दिवाळीनंतर तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनच्या दिवशी तिची शेजारीण सोबत राहणार होती. माय म्हणाली, "त्या दिवशी नाई आली तरी चालते. पन दुसऱ्या दिवशी पट्टी सोडतीन, तवा तू समोर राय. मले पह्यले तूच दिसली पायजे." तिनं आजवर माझ्याकडं मागून घेतलेलं हे एवढंच. मी कबूल केलं.

ऑपरेशनच्या दिवशी गाडी धामणगावला नवरदेव घेऊन गेली होती. हे म्हणाले, उद्या सकाळी लवकर निघू, डॉक्टर यायच्या आत पोचतो. आणि खरंच सकाळी लवकर उठून ह्यांनी गाडी पुसली, बॉनेटवरचे फुलांचे टेप खरवडले. सगळे ब्रेकर मी पायी ओलांडले. बडनेरा मागं पडलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडं ह्यांनी एसी बंद केला. मी समजले. गाडी तापायला लागली की हे तसं करतात. थोड्या वेळानं बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेतली. समोर चहाची टपरी होती. ह्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, कपाळाला हात लावला. एक मोटरसायकलवाला थांबला, त्याच्याशी काही बोलले आणि मला काचेतून म्हणाले, "पाइप फुटला. मूर्तिजापूरहून मिस्त्री घेऊन येतो. आलोच." मी दाराकडं हात केला. त्यांना वाटलं मी जा म्हणाले. सवयीनं खिशातल्या चावीचं बटण दाबलं, गाडी कुक् करून बोलली, दारं लॉक झाली आणि ते मोटरसायकलवर बसून गेले.

मी कडी ओढली. दुसऱ्या बाजूची ओढली. काच बटणावर होती आणि बटणाला चावी लागते. फोन लावला, ह्यांनी उचलला नाही. मोटरसायकलवर असतील. आत ऊन भरत होतं. काचेतून टपरीवरची माणसं दिसत होती, पण काच ठोकायला माझा हात उठेना. काय सांगणार? मालकीण आहे आणि उतरता येत नाही?

तेवढ्यात मायच्या शेजारणीचा फोन आला. "कुठी पोचली वं? डॉक्टर आले. तुई माय पट्टीले हात लावू देऊन नाई राहिली."

मी फोन ठेवला. पदर खोचला. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि दोन सीटांच्या मधून पुढं घुसले. एक पाय गिअरच्या दांड्यात अडकला, कोपर लागून मायसाठी घेतलेला डबा सांडला. मी ह्यांच्या सीटवर आले आणि पुढच्या दाराची कडी ओढली. ते उघडलं. आणि गाडी किंचाळायला लागली.

असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. दिवे लागत होते, विझत होते. टपरीवरची माणसं धावत आली. मागून टपरीवाली बाई, हातात गाळणी.

"कोणाची गाडी व्हय?" एकानं दरडावून विचारलं.

"आमचीच."

"मंग बोंबलून कावून राहिली?"

"मालकिणीले वळखत नाई वाट्टे," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. लुगडं अजून वरच होतं, ते मी खाली केलं.

तेव्हाच मूर्तिजापूरकडं जाणारी एसटी दिसली. पाटी अकोल्याची होती. मी टपरीवालीला म्हटलं, "आमचे हे येतीन. त्याइले सांगजा, मी दवाखान्यात गेली."

"जाय तू. गाडीले मी पायतो. एवढी बोंबलून राहिली, कोण नेते तिले?"

मी रस्त्यावर जाऊन हात केला. माझ्या आयुष्यात मी इतका उंच हात कधी केला नसेल. एसटी थांबली. बसायला जागा नव्हती. दांडी धरून उभी राहिले तेव्हा पाहिलं, पायात एकच चप्पल होती.

दवाखान्यात पोचले तेव्हा इतरांच्या पट्ट्या सोडून झाल्या होत्या. माय खाटेवर ताठ बसली होती. सिस्टर मला म्हणाली, "तुम्ही का त्या? आजी अडून बसल्यात." तिनं पट्टी सोडली, डोळा पुसला. मायनं पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. माझ्याकडं खूप वेळ पाहिलं.

"तुये केस कवा पिकले वं?" ती म्हणाली.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असं विचारलं, "गाडीनं आली ना?"

आम्ही एसटीलाही गाडीच म्हणतो. अकोल्याची गाडी, परतवाड्याची गाडी. मी म्हटलं, "हो, गाडीनंच आली."

दुपारी हे आले. शर्टाला काळं लागलेलं, केस विस्कटलेले. गाडी मूर्तिजापूरला गॅरेजमध्ये टाकून एसटीनं आले होते. मायनं त्यांनाही डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "जवाईबापू, गाडी कुठी लावली?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"स्टँडवर," हे म्हणाले.

"चांगलं केलं," मायनं शेजारच्या खाटेला सांगितलं, "अथी लावाले जागाच नाई."

व्हरांड्यात आल्यावर मला वाटलं आता हे रागावतील. मी गाडी उघडी टाकून आले होते. पण ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "दार लावून गेलतो का मी?"

"हो."

"लय वेळ होती आत?"

"नाई," मी म्हटलं.

"बाहेर कशी निघाली?"

"समोरून."

त्यांनी ते डोळ्यांपुढं आणून पाहिलं असावं. "लोकाइनं पायलं?"

"पायलं."

ते बाहेर गेले आणि माझ्यासाठी नव्या चपला घेऊन आले. माप मोठं होतं. मी दोन दिवस मायपाशी राहिले, डोळ्यात थेंब टाकले. तिला आता भिंतीवरची पाल दिसत होती, तीही तिनं मला सारखी दाखवली.

गाडी दुरुस्त होऊन घरी आली. पुन्हा लग्नं सुरू झाली. एसटीचं नाव कोणी काढलं नाही, ना ह्यांनी, ना मी. मायला पुन्हा तपासणीला बोलावलं तेव्हा मी सकाळी स्वयंपाक उरकला आणि पिशवी भरून दारात आले. हे अंगणात गाडी पुसत होते. संध्याकाळी मोर्शीला नवरदेव न्यायचा होता.

"कुठी?" ह्यांनी विचारलं.

"अकोल्याले. गाडीनं जातो."

फडकं काचेवर थांबलं. समोरच्या ओट्यावर वहिनी भाजी निवडत बसली होती, तिकडं त्यांनी एकदा पाहिलं. मग पुन्हा काच पुसायला लागले.

"मांगच्या गल्लीनं जाय," ते म्हणाले.

मी घरातून परत मागं गेले आणि मागच्या दारानं निघाले. तिकडून नाली ओलांडून जावं लागतं आणि वाट लांब पडते. आता मी दर वेळी तिकडूनच जाते.