सात नंबरची शिट्टी

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात अकरा मशीनं होती आणि ती ज्याच्या कानाच्या भरवशावर चालत, त्याला सगळे ‘कानसेन’ म्हणत. गाण्यातलं त्याला काही म्हणजे काही कळत नसे. एकदा मेहुणीनं हौसेनं गाऊन दाखवलं, तर हा म्हणाला, “तुमचा पंखा तेल मागतोय.” मेहुणी वर्षभर बोलली नाही.

तो यायच्या आधी पाच नंबरचा रोलर बेअरिंग जाऊन चालता चालता अडकला होता. पट्टा तुटला आणि मशीनवरच्या बाईचं मनगट कायमचं गेलं. तेव्हापासून नियम झाला होता, की कानसेननं ‘ठीक’ म्हटल्याशिवाय एकही मशीन चालवायचं नाही.

त्याची पद्धत त्याची त्यानंच बसवलेली होती. प्रत्येक मशीन धडधाकट असतानाचा आवाज त्यानं रेकॉर्ड करून ठेवला होता, आणि बेअरिंग जायला आलेलं असतानाचाही. धडधाकट आवाज एका फोल्डरमध्ये, आजारी दुसऱ्यात. बेअरिंग बिघडायच्या आधी दोन-तीन आठवडे एक बारीक, सुईसारखी शिट्टी धरतं. तेव्हा ते हाताला गरम लागत नाही की डोळ्यांना काही दिसत नाही. रोज सकाळी तो खिशातल्या प्लेयरवर आधी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायचा, मग इअरफोन काढून स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. तेवढा वेळ मशीनवरच्या बायका गप्पा थांबवत.

चौदा वर्षं चाललेला तो प्लेयर एका गुरुवारी पाठीतून फुगला.

“बॅटरी फुगलीय,” दुकानदार तो दूर धरत म्हणाला. “घरात ठेवू नका.”

“दुसरी घाला.”

“काका, ही बॅटरी बनवणारे आता पेन्शनीत निघाले असतील. फोनच वापरा की. गाणी, फोटो, सगळं एकात.”

“गाणी नाही ऐकायची मला. बेअरिंग ऐकायचंय.”

दुकानदारानं बरोबर आलेल्या कानसेनच्या बायकोकडे पाहिलं. “वहिनी, खरं का हो?”

“खरंच. अकरा सवती आहेत मला,” बायको म्हणाली.

फोन मशीनपाशी न्यायला परवानगी नव्हती. शिवाय खिशात हात घालून, न बघता, ग्रीसच्या बोटांनी बटण सापडायला हवं होतं. पहिला प्लेयर घेतला तो नुसत्या काचेचा. ग्रीसचा अंगठा लागला की तो ढिम्म हलेना. तिसऱ्या दिवशी परत केला. दुसऱ्याला बटणं होती, पण पोट लहान. याच्या जुन्या फाइली वेव्ह फॉरमॅटच्या, म्हणजे आवाज जसाच्या तसा, काही न कापता ठेवलेला. त्या सगळ्या त्यात मावेनात.

बायको शाळेच्या कचेरीत कारकून होती, कॉम्प्युटरवर तिचा हात बसलेला होता. जुन्या प्लेयरमधून सगळं तिनंच आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. दुकानदाराच्या सल्ल्यावरून तिनं सगळ्या फाइलींचं एमपी थ्री केलं. त्या दहापट लहान झाल्या, नवीन प्लेयरमध्ये बसल्या. त्यानं इअरफोन लावला, आजारी आवाज एकेक करून ऐकले आणि इअरफोन काढून टेबलावर ठेवला.

“गेली.”

“काय गेलं?”

“शिट्टी. साय काढून घेतलीस आणि नुसतं दूध ठेवलंस.”

तिनं शोधून वाचलं. फाइल लहान करताना अगदी बारीक आवाज छाटले जातात, असं खरंच लिहिलेलं होतं. चूक आपलीच, असं धरून ती पुन्हा त्याच्याबरोबर दुकानात गेली. आता तिसरा प्लेयर. याला बटणं होती, वरून कार्ड घालता येत होतं.

“यात फ्लॅक घाला,” दुकानदार म्हणाला. “एमपी थ्री म्हणजे निम्मं सामान घरी टाकून प्रवासाला निघायचं. फ्लॅक म्हणजे सगळं सामान न्यायचं, फक्त बॅग दाबून भरायची.”

तिनं दोन संध्याकाळी बसून सगळ्या फाइली फ्लॅक केल्या. त्यानं ऐकल्या.

“नाहीच आहे.”

“अहो, हे मूळचंच आहे. यात काही कापलेलं नाही.”

“मग त्याचा डबा बहिरा आहे. सांग त्याला.”

तो हात धुवायला गेला तेव्हा तिनं इअरफोन स्वतःच्या कानात घातला. शिट्टी होती. दाताच्या डॉक्टरकडे ऐकू येते तशी, पहिल्या क्षणापासून. इअरफोन होता तसा ठेवून दिला.

त्याच आठवड्यात तिला ताप आला. त्यानं हौसेनं रजा टाकली, तिच्या काखेत थर्मामीटर लावला आणि खुर्ची ओढून जवळ बसला. थर्मामीटर पी-पी करून थांबला. हा बसलेलाच.

“बराच वेळ घेतो हा,” तो म्हणाला. “बिघडला वाटतं.”

“वाजला,” ती म्हणाली.

“कधी?”

“आत्ताच.”

निवृत्तीला त्याची दोन वर्षं उरली होती. ज्यांना काम झेपत नाही त्यांना साहेब फाटकावर बसवत, आल्या-गेल्या गाड्यांचे नंबर लिहायला. पण तिला अडवत होतं ते फाटक नव्हे. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला पुष्कळ काही सुनावलं होतं, अगदी त्याच्या आईवरूनसुद्धा. हे मात्र तिच्या तोंडून फुटेना. त्याच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काय होतं? उंची नव्हती, बोलण्याची ढब नव्हती. कान होते.

पुढच्या रविवारी तो केस कापायला गेला. तिनं कॉम्प्युटरवर आजारी आवाजांच्या फोल्डरची नक्कल काढली आणि बारीक आवाज वर चढवायची पट्टी होती ती पार टोकापर्यंत ओढली. एकेका फाइलीत शिट्टी अशी चढली की तिला स्वतःला ऐकवेना. सगळ्या पुन्हा फ्लॅक करून तिनं कार्डात भरल्या.

“आली!” तो जवळजवळ ओरडलाच. “म्हटलं नव्हतं? फॉरमॅटचाच घोळ होता. काय केलंस?”

“काही नाही. जरा नीट केलं.”

“दुकानदारापेक्षा तू हुशार.” त्यानं स्वतः उठून चहा टाकला, तोही दोघांचा. चहात साखर घालायला विसरला, पण तिनं पिऊन टाकला. किती दिवसांनी घरात कटकट नव्हती.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दुपारी चारला तो सकाळची पाळी करून आला आणि बूट काढता काढता हसायला लागला. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती.

“आज सात नंबरवालीनं डोकं खाल्लं. म्हणे, मामा, मशीन केकाटतंय, माझे दात आंबतात. दोनदा स्क्रू ड्रायव्हर लावून पाहिला. एकदम स्वच्छ. साहेब म्हणाले, ठीक लिहू का? म्हटलं, बेलाशक लिहा. तिला म्हटलं, बाई, मशीनपेक्षा तुझेच कान तपासून घे.”

“मग?”

“मग काय, गप्प बसली. आज दुसरी पाळीही तिलाच करायचीय, बदलीवाली आली नाही.”

तिच्या हातातला टॉवेल अर्धा दुमडलेला तसाच राहिला. “तुम्ही आजारी आवाजाशी ताडून पाहिलंत?”

“पाहिल्याशिवाय सांगतोय होय? प्लेयरमध्ये कशी खणखणीत वाजते शिट्टी. मशीनमध्ये नाही म्हणजे नाही.”

ती उठली. कॉम्प्युटर आणून त्याच्यापुढे ठेवला, इअरफोन जोडला.

“जरा बसा. हे ऐका.”

“पाणी तरी पिऊ दे की गं.”

“आधी हे ऐका. शिट्टी येतेय?”

त्यानं ऐकलं. “नाही. हा तो तुझा बिघडलेला दिसतोय.”

“हा मूळचा आहे. जुन्या प्लेयरमधला. याला मी हात लावलेला नाही.”

“मग कार्डातला?”

“कार्डातल्यात मी शिट्टी मोठी केलीय. तुम्हाला ऐकू यावी म्हणून.”

आधी त्याला उमगलंच नाही. मग त्यानं इअरफोन काढून तिच्या हातात दिला. “तुला येते? या मूळच्यात?”

“येते.”

“डोळे मीट. ऐकू येतेय तोवर बोट वर ठेव. थांबली की खाली.”

तीन नंबरचं हे रेकॉर्डिंग त्याला तोंडपाठ होतं. एकोणिसाव्या सेकंदाला त्यानं तेलाचा थेंब सोडला होता आणि शिट्टी दोन सेकंद बंद पडून पुन्हा सुरू झाली होती. ही गोष्ट त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती. तो पडद्यावरचे सेकंद बघत बसला. सतरा. अठरा. एकोणीसला तिचं बोट खाली आलं. एकवीसला पुन्हा वर गेलं.

त्यानं आवाज बंद केला.

“कधीपासून माहीत होतं?”

“पंधरा दिवस.”

“पंधरा दिवस,” तो म्हणाला. “आणि तू माझ्या हातात खुळखुळा दिलास. रडू नये म्हणून.”

“तुम्ही किती त्रागा करत होतात...”

“त्रागा केला असता! जेवलो नसतो चार दिवस! तेवढंच ना?” त्याचा आवाज चिरकला. “तिचा हात त्या रोलरपाशी असतो गं. वीतभर अंतरावर.”

फोन घेऊन तो जिन्याच्या दाराशी गेला, घरात फोन नीट लागत नसे.

“साहेब, कानसेन बोलतोय. सात नंबर बंद करा.”

पलीकडून साहेबांचं हसणं तिलाही ऐकू आलं. “अहो, सकाळी तुम्हीच ठीक म्हणालात! सही आहे तुमची.”

“म्हणूनच सांगतोय. बंद करा.”

“हजार खोकी अडलीत, कानसेन. कारण तरी सांगा.”

“मला ऐकू येत नाही.”

“काय? मोठ्यानं बोला, मशीनं चालू आहेत.”

“मला शिट्टी ऐकू येत नाही!” तो ओरडला. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. “कान गेलेत माझे! त्या बाईला ऐकू येते, मला येत नाही. तिचं खरं आहे. आधी तिला बाजूला घ्या, मग बटण दाबा. मी येतोय.”

पलीकडे साहेब कुणाला तरी हाका मारत लांब गेले. फोन चालूच होता आणि त्यातून सगळ्या कारखान्याची घरघर येत होती. त्यानं फोन कानावर दाबून धरला, मग दुसऱ्या कानावर धरला. मग तो वळला आणि फोन तिच्यापुढे केला.

“तू ऐक,” तो म्हणाला. “थांबली का सांग.”

तिनं फोन घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले.